अवजाराचं वर्णन

कवीनं संगणकावर बोलावं हे थोडं विचित्र वाटेल. मी साधा बी.ए. झालेला माणूस. पण आजचा विषय गणिताचा नाही, गद्याचा आहे. तेही दोन-चार ओळींच्या गद्याचा.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात मरे हिल इथं बेल लॅबोरेटरीज ही प्रयोगशाळा. तिथं केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ ही संगणकप्रणाली घडवली. तिची पहिली माहितीपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची. युनिक्स म्हणजे लहान लहान अवजारांची पेटीच. एक अवजार फाईल दाखवतं, एक तिची नक्कल करतं, एक ती पुसून टाकतं. पुस्तिकेत प्रत्येकाची स्वतंत्र नोंद आणि नोंदीचा साचा ठरलेला. आधी नाव, मग वापरायची रीत, मग वर्णन. पुढं ‘हेही पाहा’, आणि शेवटाकडे एक मथळा, ‘बग्ज’. म्हणजे दोष.

आपल्या मालाचे दोष आपणच छापायचे! मिक्सरच्या पुस्तिकेत असं पान कुणी पाहिलंय?

या मंडळींचे विभागप्रमुख डग्लस मॅकिलरॉय यांनी पुढं एका मुलाखतीत मोठी गमतीची गोष्ट सांगितली. पुस्तिकेची नवी आवृत्ती निघायची वेळ आली की एकच धांदल उडे. एखाद्या अवजाराचं वेडंवाकडं वागणं कागदावर उतरवलं की लिहिणाऱ्यालाच वाटे, हे काही छापण्याजोगं नाही. मग वर्णन सजवण्याऐवजी अवजारच सुधारलं जाई. जे सरळ सांगता येत नाही ते सरळ नसतंच, हे त्यांना लिहिता लिहिता कळत होतं. मला तर हा भाग त्या प्रणालीइतकाच मोलाचा वाटतो.

त्या पुस्तिकेचा वाचक माणूस होता. शंका आली तर शेजारच्या खोलीत जाऊन विचारायची सोय होती. आता वाचक बदलला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचे ‘एजंट’ आपल्या वतीनं कामं करतात. पत्र पाठवतात, तिकीट नोंदवतात, नोंदवह्या चाळतात. जून २०२३मध्ये ओपनएआयनं आपल्या प्रारूपांना अशी बाहेरची अवजारं जोडायची सोय दिली. नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रोपिकनं ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ही खुली पद्धत मांडली. तिच्यात अवजाराची ओळख मुख्यतः तीन गोष्टींत असते : नाव, वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवायची याचा तक्ता. अवजाराच्या पोटात काय चाललंय हे एजंटला सहसा दिसत नाही. या चार ओळी वाचून त्यानं निवड करायची.

आता आपल्या मराठीतलाच एक शब्द घ्या : काढणे. तिकीट काढतो म्हणजे घेतो, दात काढतो म्हणजे उपटतो, आणि बापाचं नाव काढतो म्हणजे कीर्ती मिळवतो. समजा, निवृत्तिवेतन घेणाऱ्या वृद्धांची यादी आहे आणि अवजाराच्या वर्णनात लिहिलंय, ‘यादीतून नावं काढतं’. नावं वाचून दाखवतं की खोडून टाकतं? कारकून असता तर साहेबांना विचारून आला असता. एजंट एक अर्थ धरून पुढं जाऊ शकतो, आणि मग पहिल्या तारखेला एखाद्या म्हातारीचे पैसेच येत नाहीत.

गझलेत एका शब्दाला दोन अर्थ निघाले तर मी खूश होतो. इथं तीच चैन परवडत नाही. इथं लिहावं : ‘दिलेलं एक नाव यादीतून कायमचं वगळतं. ते परत आणता येत नाही. नुसती यादी पाहण्यासाठी हे वापरू नये.’ तारखेचंही तेच. ०३/०४ म्हणजे आपल्याकडे तीन एप्रिल, अमेरिकेत चार मार्च. आधी दिवस की आधी महिना, हे सांगावंच लागतं.

मार्च २०२५च्या सुधारणेत, अवजार नुसतं वाचतं की काही नष्टही करू शकतं, हे कळवणाऱ्या खुणा त्या पद्धतीत आल्या. या खुणा केवळ सूचक आहेत, असंही तिथंच म्हटलंय. दोषांसाठी वेगळा रकाना मात्र त्यात ठेवलेला नव्हता. ते वर्णनातच लिहायचे. लिहिणाऱ्याला आठवले तर.