गाठीची रसद

वैद्यकाच्या इतिहासावर तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं काय बोलायचं, असं आपल्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. कोणतं औषध घ्यावं हे आम्ही सांगणार नाही, तो डॉक्टरांचा अधिकार. आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांचं काम वेगळं आहे. एखादी गोष्ट ‘खरी ठरली’ असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय म्हणतो, हे तपासायचं. कर्करोगाच्या गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बंद पाडण्याच्या उपचाराचा इतिहास त्यासाठी फार चांगला आहे. इथे एकच कल्पना तीन वेगवेगळ्या परीक्षांना बसली आणि प्रत्येकीत तिला वेगळे गुण मिळाले.

सुरुवात १९६० च्या सुमाराची, अमेरिकेतली. जुडा फोकमन नावाचा तरुण सर्जन नौदलाच्या सेवेत बेथेस्डा इथल्या प्रयोगशाळेत होता. रक्ताला पर्याय म्हणून हिमोग्लोबिनचं द्रावण चालेल का, याचा शोध तो फ्रेडरिक बेकर या सहकाऱ्याबरोबर घेत होता. सशाची थायरॉईड ग्रंथी शरीराबाहेर काचेच्या पात्रात ठेवायची आणि तिच्यातून हे द्रावण खेळवायचं, असा तो प्रयोग. ग्रंथी जिवंत आहे का हे बघण्यासाठी त्यांनी तिच्यात उंदराच्या कर्करोगाच्या पेशी सोडल्या. गाठी धरल्या, पण एक-दोन मिलिमीटरपर्यंत वाढून थांबल्या. मेल्या म्हणावं, तर तसंही नाही. त्याच गाठी परत उंदरात ठेवल्या की भराभरा वाढायच्या. पात्रातल्या गाठीत एक गोष्ट नव्हती. तिच्यात नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या नव्हत्या.

गाठीत रक्तवाहिन्या असतात हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, असं नाही. एकोणिसाव्या शतकात रुडॉल्फ फिर्खोनं त्या पाहिल्या होत्या. १९४५ मध्ये आल्जायर आणि चाल्कली यांनी असंही दाखवलं होतं की गाठ आजूबाजूला नव्या वाहिन्या फुटायला लावते. पण पुष्कळांच्या लेखी तो दाहाचा परिणाम होता, म्हणजे जखमेभोवती लाली यावी तसा. फोकमननं क्रम उलटा मांडला. वाहिन्या हे गाठ वाढल्याचं लक्षण नाही, ती वाढण्याची अट आहे. प्राणवायू रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या एखाद-दोन दशांशापुरताच झिरपतो. त्यापलीकडच्या पेशी उपाशी राहतात. म्हणून गाठ एक रासायनिक निरोप धाडते आणि शरीराच्याच वाहिन्यांना तिच्या दिशेनं फांद्या फुटतात. यालाच अँजिओजेनेसिस म्हणतात. हा निरोप अडवला तर गाठ टाचणीच्या डोक्याएवढीच राहील, असं त्यानं नोव्हेंबर १९७१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लिहिलं.

शत्रूला समोरासमोर न भिडता त्याची रसद तोडायची, ही युक्ती महाराष्ट्राला समजावून सांगायला नको. तिथल्या विद्वानांना मात्र ती पटली नाही. तो निरोप म्हणजे नेमका कोणता पदार्थ, असा प्रश्न आला, आणि फोकमनकडे त्याचं उत्तर नव्हतं. हा आक्षेप वाजवी होता, हे आपण लक्षात ठेवलं पाहिजे. ‘दूरदर्शी माणूस आणि आंधळे टीकाकार’ अशी गोष्ट सांगायला सोपी असते, पण पुरावा मागणारा माणूस विज्ञानाचा वैरी नसतो.

मग पुरावा कसा उभा राहिला? आपल्या न्यायशास्त्रात अन्वय आणि व्यतिरेक असे दोन शब्द आहेत. कारण असलं की कार्य असतं, हा अन्वय. कारण नसलं की कार्य नसतं, हा व्यतिरेक. बोस्टनच्या बालरुग्णालयात फोकमन आणि मायकेल गिम्ब्रोन यांनी हे दोन्ही सशाच्या एका डोळ्यात दाखवले. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातल्या पाण्यात गाठीचा कण तरंगत ठेवला तर तो मिलिमीटरभरही वाढत नसे, पण जिवंत राही. तोच कण बुबुळाला टेकवून ठेवला की बुबुळातल्या वाहिन्या त्याच्यात शिरत आणि दोन आठवड्यांत तो हजारो पटींनी फुगे. हे काम १९७२ मध्ये प्रसिद्ध झालं.

निरोपाचा पदार्थ सापडायला आणखी दशक-दीड दशक गेलं. १९८३ मध्ये हॅरोल्ड ड्वोरॅक यांच्या गटाला वाहिन्या झिरपायला लावणारं एक प्रथिन सापडलं. १९८९ मध्ये जेनेनटेक कंपनीत नेपोलिओन फेरारा यांनी वाहिन्यांच्या पेशी वाढवणारं प्रथिन वेगळं केलं, त्याला व्हीईजीएफ म्हणतात. पुढे लक्षात आलं की दोन्ही एकच. १९९३ मध्ये फेरारांच्या गटानं या प्रथिनाला अडवणारं प्रतिपिंड उंदरांना दिलं आणि गाठींची वाढ मंदावली. पहिली परीक्षा अशी पार पडली. कल्पना खरी होती.

दुसरी परीक्षा माणसात. तिच्याआधी अपेक्षांचा एक मोठा फुगा उडाला, तोही बघायला हवा. फोकमनच्या प्रयोगशाळेतून अँजिओस्टॅटिन आणि एंडोस्टॅटिन असे दोन पदार्थ निघाले आणि त्यांनी उंदरातल्या गाठी आटवल्या. ३ मे १९९८ ला ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर ही बातमी आली. दुसऱ्या दिवशी संबंधित कंपनीचा शेअर कित्येक पटींनी उसळला आणि रुग्णालयांचे फोन खणखणू लागले. आपण उंदराला बरं करू शकतो, माणसाचं अजून ठाऊक नाही, असं फोकमन स्वतः बजावत होता. पण ज्याच्या घरात आजारी माणूस आहे त्याला ‘अजून’ हा शब्द ऐकू येत नाही. अमेरिकेतल्या चाचण्यांत एंडोस्टॅटिन माणसाला फारसं उपयोगी पडलं नाही.

यश आलं ते फेरारांच्या प्रतिपिंडाला. बेव्हॅसिझुमॅब या नावानं ते औषध फेब्रुवारी २००४ मध्ये, मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी, अमेरिकेत मंजूर झालं. आठशेहून अधिक रुग्णांच्या चाचणीत नुसत्या केमोथेरपीवर मध्यगा आयुष्य १५.६ महिने होतं, हे औषध जोडल्यावर २०.३ महिने झालं. म्हणजे पावणेपाच महिने वाढले. ते थोडे नव्हेत, पण १९७१ च्या लेखानं जागवलेली आशा याहून मोठी होती.

असं का झालं? रसद तुटलेलं सैन्य स्वस्थ बसत नाही, हे पानिपतावर आपण पाहिलंच आहे. एक निरोप अडवला तर गाठ दुसरा धाडते, किंवा शेजारच्या जुन्या वाहिन्यांच्या आधारानं पसरते. शिवाय व्हीईजीएफ शरीरालाही लागतं. ते अडवलं की रक्तदाब चढतो, जखमा भरायला उशीर लागतो, क्वचित आतड्याला छिद्र पडतं.

मूळचे ललितपूरचे, आयआयटी कानपूरमधून शिकून अमेरिकेत गेलेले राकेश जैन यांनी २००१ मध्ये एक वेगळाच खुलासा मांडला. गाठीतल्या वाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात, त्यामुळे केमोथेरपीचं औषधही आत नीट पोचत नाही. हे प्रतिपिंड काही काळ त्या वाहिन्या सुधारतं आणि वाट मोकळी करतं. म्हणजे बघा, रसद तोडायला निघालेलं औषध काही अंशी रस्ते दुरुस्त करत असावं. औषध उपयोगी पडलं म्हणून ते कसं काम करतं हा आपला सिद्धांतही जसाच्या तसा खरा ठरला, असं होत नाही.

स्तनाच्या कर्करोगाचा प्रसंग जास्त कठीण. तिथे हे औषध २००८ मध्ये सशर्त मंजूर झालं, कारण गाठीची वाढ काही महिने लांबत होती. पुढच्या चाचण्यांत तो लाभ कमी दिसला आणि आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. जून २०११ च्या सुनावणीत रुग्ण स्त्रियांनी उभं राहून सांगितलं की या औषधानं आम्ही जिवंत आहोत. नोव्हेंबरमध्ये मंजुरी काढून घेतली गेली. त्या स्त्रिया खोटं बोलत नव्हत्या. पण औषध नसतं तर आपलं काय झालं असतं, हे कुणाही एका माणसाला आपल्या आयुष्यावरून सांगता येत नाही. व्यतिरेक एकट्याच्या अनुभवात सापडत नाही, त्यासाठी दुसरा गट लागतो. हे तर्काला पटतं, पण त्या दालनात बसलेल्या बाईला ते सांगणं किती जड गेलं असेल!

तिसरी परीक्षा पोचण्याची, आणि इथे गोष्ट आपल्या मुंबईत येते. सोराफेनिब नावाची गोळी व्हीईजीएफचा निरोप पेशीच्या दारात अडवते आणि इतरही काही संकेत थांबवते. यकृताच्या पुढे गेलेल्या कर्करोगात तिनं मध्यगा आयुष्य ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांवर नेलं. बायर कंपनीच्या या गोळीचा भारतातला महिन्याचा खर्च होता २,८०,४२८ रुपये. हैदराबादच्या नॅटको कंपनीनं पेटंट कायद्याच्या कलम ८४ खाली अर्ज केला. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी देशातला पहिला सक्तीचा परवाना दिला. नॅटकोनं बायरला स्वामित्वधन द्यायचं आणि औषध महिना ८,८८० रुपयांना विकायचं, असं ठरलं. मुंबई उच्च न्यायालयानं २०१४ मध्ये हा निर्णय उचलून धरला.

संशोधनाला पैसा लागतो हा बायरचा मुद्दा पोकळ नव्हता. पण कायद्यानं विचारलेले प्रश्न साधे होते. हे औषध लोकांना परवडेल अशा किमतीत मिळतं का? गरजेपुरतं मिळतं का? पेटंटाचा वापर भारतात होतो का? तिन्हींचं उत्तर नाही असं आलं.

या कल्पनेनं सर्वांत स्पष्ट यश मिळवलं ते कर्करोगाबाहेर. उतारवयात दृष्टिपटलामागे नको त्या वाहिन्या फुटून नजर जाते, तिथे २००६ पासून डोळ्यात द्यायचं रॅनिबिझुमॅब आलं. एका मात्रेला सुमारे २,००० डॉलर. त्याचंच भावंड असलेलं बेव्हॅसिझुमॅब लहान मात्रेत सुमारे ५० डॉलरला पडत होतं, आणि २०११ च्या तुलनात्मक चाचणीत दोघांनी नजर जवळपास सारखीच राखली. फोकमन जानेवारी २००८ मध्ये वारला. पुष्कळ आजी-आजोबांची वाचलेली नजर, हे त्याच्या कल्पनेचं फळ.

तेव्हा, वर्तमानपत्रात ‘कर्करोगावर नवा उपाय’ असं वाचलं, किंवा नात्यातल्या कुणासाठी असं इंजेक्शन सुचवलं गेलं आणि शेत विकायचा विषय निघाला, तर डॉक्टरांना शांतपणे विचारायचं. हे उंदरात दिसलंय की माणसात? गाठ लहान होते, की माणूस जास्त जगतो? किती महिने, आणि ते महिने कसे जातात? याच परिणामाचं स्वस्त औषध आहे का? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. ते विचारण्यात आशेचा अपमानही नाही.

आम्ही इथे थांबतो. आता आपले प्रश्न घेऊ.