पर्जन्यमाहिती व तिचे आकलन

पावसाच्या नोंदी, अंदाज व इशारे आणि लोक त्यांचा लावत असलेला अर्थ. पर्जन्यमापकात साठलेल्या पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. भारतात सकाळी ८.३० वाजता आधीच्या २४ तासांची नोंद घेतली जाते. त्यामुळे ‘आजचा पाऊस’ म्हणून वाचलेला आकडा बराचसा कालचा असतो.

नोंद एका जागेची असते, हे वाचताना सुटून जाते. २६ जुलै २००५ च्या प्रलयात सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, त्याच शहरातल्या कुलाब्याला ७५ मिमीही नाही. दोन्ही आकडे अचूक. पण ‘मुंबईत ९४४ मिमी’ एवढेच ऐकणाऱ्याला त्या दिवसाचे निम्मेच चित्र मिळते.

अंदाजात विस्तार व तीव्रता या दोन वेगळ्या गोष्टी सांगितलेल्या असतात आणि सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ म्हणजे २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, पण तिथे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी. ‘तुरळक’ ऐकून माणूस शिडकाव्याची कल्पना करतो आणि ओढ्याला पूर आला की अंदाज चुकल्याचे म्हणतो. वाचकाला दोष देण्यापेक्षा हे निवेदन उलगडून सांगणे वृत्तपत्रांचे काम आहे. इशाऱ्यांचे रंगही केवळ पावसाचे प्रमाण दाखवत नाहीत: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग ठरवताना संभाव्य परिणामही विचारात घेतला जातो.

शेतकऱ्याच्या दृष्टीने पावसाच्या नोंदीचा आकडा पैशाशी बांधलेला आहे. महाराष्ट्रात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीहून अधिक पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी धरतात आणि पंचनाम्याची वाट मोकळी होते. पीकहानीच्या मदतीसाठी नुकसान किमान ३३ टक्के असावे लागते. पण एका मंडळात अनेक गावे येतात. ढगफुटीसारखा पाऊस शिवारात कोसळावा आणि मंडळाच्या केंद्रावर ४० मिमीच भरावा, असे घडू शकते. ‘महावेध’ प्रकल्पात मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली गेली, तरी गावोगावी मापक हवा ही शेतकऱ्यांची मागणी त्यामुळेच रास्त ठरते.