बंदिवासातील टपाल

वाशीमच्या दक्षिणेस पैनगंगा ओलांडली की निजामाचा मुलूख लागे आणि तेथे टपालाची तिकिटेही निजाम सरकारची चालत. त्यामुळे तिकीट म्हणजे सत्तेची मोहर, हे वऱ्हाडच्या या सरहद्दीवर कोणास सांगावे लागत नसे.

ती मोहर सत्तेवरच उलटविण्याचे धैर्य पोलंडच्या कामगारांनी दाखविले. ग्दान्स्कच्या जहाजबांधणी कारखान्यातील संपातून १९८० साली 'सॉलिडॅरिटी' संघटना उदयास आली. १३ डिसेंबर १९८१ रोजी कम्युनिस्ट राजवटीने लष्करी कायदा पुकारून हजारो कार्यकर्त्यांना स्थानबद्ध केले, तेव्हा त्या छावण्यांतच लिनोलियमचे तुकडे कोरून ठसे घडविण्यात आले आणि बाहेर गुप्त छापखान्यांतून तिकिटे निघू लागली. टपालखात्याच्या दप्तरी त्यांस काडीचेही मोल नव्हते. तरी लोक ती विकत घेत, कारण तो पैसा बंदिवानांच्या कुटुंबांस आणि भूमिगत मुद्रणास पोचे. सोव्हिएत सत्तेने केलेले आणि सरकारी इतिहासाने दडपलेले पोलिश अधिकाऱ्यांचे १९४०चे कातिन हत्याकांड, १९८४ मध्ये ठार केलेले सॉलिडॅरिटीचे पाठीराखे धर्मगुरू पोपिएउश्को, हे त्या बोटभर कागदावर अवतरले. त्या तिकिटांची वाकडी कड आणि पसरलेली शाई मला निर्दोष छपाईहून मोलाची वाटते.

पोलिश लोकांच्या यातनांचा हा विषय महाराष्ट्रास परका नाही. सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित, त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरनजीक वळिवडे येथे आश्रयास होते. म्हणून कातिनचे तिकीट वहीत लावताना मराठी संग्राहकाने शेजारी वळिवड्याची नोंद अवश्य करावी.