रिकाम्या मैदानावरील खेळ : मुलींच्या हॉकीचा थोडासा इतिहास

महोत्सवाच्या या स्मरणिकेंत आपल्या धर्मग्रामाचा इतिहास लिहिण्याचें काम अधिक जाणत्या हातांकडे गेलें आहे, आणि तें योग्यच झालें. आम्हांस समितीनें "एखादा ऐतिहासिक विषय घ्या" एवढीच मोकळीक दिली. पुष्कळ विचार करून आम्हीं जो विषय निवडला तो पाहून कांहीं वाचक हंसतील, हंसोत बापडे. विषय आहे मुलींच्या हॉकीचा, आणि त्यांतहि खेळणारांचा नव्हे, तर पाहणारांचा.

याचें कारण असें. मागील वर्षींच्या हिंवाळ्यांत नांदेड व लातूर येथील दोन महाविद्यालयांच्या मुलींचा सामना पाहण्याचा योग आम्हांस आला. आपल्या धर्मग्रामांतील एक मुलगी त्यांत खेळत होती. मैदानाभोंवतीं किती माणसें आहेत हें आम्हीं मोजलें, आणि मोजण्यास वेळ लागला नाहीं. लातूरकर मुलींना घेऊन आलेला गाडीचा चालक, एक चहावाला, सायकल टेकून उभे राहिलेले दोन विद्यार्थी, दोन्ही बाजूंच्या दोन शिक्षिका आणि आम्ही, अशीं सात माणसें. सामना मात्र सुरेख झाला. तो संपल्यावर ती मुलगी घाम पुशीत आली व म्हणाली, "फादर, तुम्ही आलात, बरं वाटलं. पण बाबा म्हणतात, जें बघायला कुणी येत नाहीं तें खेळून काय मिळवायचं? पुढच्या वर्षीं बंद कर म्हणतात."

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. त्याहून लाजेची गोष्ट ही कीं, श्री गुरु गोविंदसिंहजी सुवर्ण व रौप्य चषकाचे सामने जवळ आले म्हणजे मिस्साच्या शेवटीं आम्ही तरुणांना त्याची वार्ता आवर्जून देत आलों आहों. परंतु या मुलीच्या सामन्याची सूचना तीन वर्षांत एकदांहि आमच्या तोंडून निघाली नव्हती.

नांदेडास हॉकीचा प्रेक्षक नाहीं असें कोणीं म्हणूं नये. याच नगरींत १७०८ सालीं शिखांच्या दहाव्या गुरूंनीं देह ठेवला, आणि त्यांच्याच नांवाची ही अखिल भारतीय स्पर्धा येथें अनेक दशकें चालत आली आहे. पंजाबांतून, मुंबईहून, लष्करांतून व पोलिसांतून संघ येतात. वृद्ध सरदारजी, शाळेंतील पोरें, बाजारांतून दुकान मुलावर टाकून आलेले व्यापारी असे सर्व जातिधर्मांचे लोक कडेनें उभे राहतात, आणि ते नुसते उभे राहत नाहींत. चेंडू काठीवर नीट थांबला कीं नाहीं यावरून खेळाडूची परीक्षा करतात. ज्या गांवास एवढें कळतें, तें हॉकीच्या बाबतींत अडाणी कसें म्हणावें? मग तेंच गांव मुलींच्या सामन्यास सात माणसें कां पाठवितें, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या समाजांतील मुलींचा या खेळाशीं असलेला संबंध आजचा नव्हे. १९८० सालीं मॉस्को येथें ऑलिंपिकमध्यें स्त्रियांच्या हॉकीस प्रथम स्थान मिळालें, तेव्हां रूपा सैनी यांच्या नेतृत्वाखालीं गेलेल्या भारतीय संघांत पुण्याच्या एलिझा नेल्सन होत्या, गोलरक्षणास मार्गारेट टोस्कानो होत्या, लॉरेन फर्नांडिस होत्या. त्यांच्या जोडीला रेखा मुंडफण होत्या आणि पारशी समाजाच्या हुतोक्षी बगली होत्या. या मुलींनीं ऑस्ट्रियास २–० व पोलंडास ४–० असें हरविलें, आणि पुढें सुवर्णपदक घेऊन गेलेल्या झिंबाब्वेशीं १–१ अशी बरोबरी केली. सहा संघांत आपला क्रमांक चौथा लागला.

दोनच वर्षांनीं दिल्लीस आशियाई खेळ भरले. स्त्रियांची हॉकी त्या खेळांत त्याच वेळीं प्रथम आली, आणि एलिझा नेल्सन यांच्या संघानें सुवर्णपदक मिळविलें. १९८३ सालीं सरकारनें त्यांस पद्मश्री दिली. परंतु वाचकहो, १९८२ च्या त्या खेळांतील हॉकी म्हटली म्हणजे आपणांस काय आठवतें? पुरुषांचा संघ पाकिस्तानकडून १–७ असा हरला, हेंच ना? त्या पराभवाची हळहळ आम्हीं स्वतः कित्येक घरांत चाळीस वर्षांनंतरहि ऐकली आहे. मुलींच्या विजयाचा आनंद मात्र एकाहि घरांत ऐकला नाहीं. पुढें २००२ सालीं मँचेस्टर येथें राष्ट्रकुल स्पर्धेचें सुवर्णपदक मुलींनीं इंग्लंडास त्यांच्याच देशांत ३–२ असें हरवून आणलें. त्या विजयावरून ज्याची प्रेरणा घेतली गेली तो "चक दे! इंडिया" हा बोलपट २००७ सालीं निघाला, तेव्हां कोठें लोकांना मुलींच्या हॉकीची ओळख झाली. खरा सामना पाहण्यास न गेलेले लोक त्याचें सोंग पाहण्यास तिकीट काढून गेले! हें आम्ही कोणास दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं, आम्हीहि त्यांतलेच.

प्रेक्षक आपोआप जमत नाहीं, तो जमवावा लागतो, हें इतर देशांनीं आपल्या आधीं ओळखलें. इंग्लंडांत १९५१ पासून १९९१ पर्यंत लंडनच्या वेंब्ली मैदानावर स्त्रियांचा आंतरराष्ट्रीय हॉकी सामना दरवर्षीं भरत असे. पहिल्याच वर्षीं सुमारें तीस हजार लोक आले, आणि पुढें ती संख्या साठ हजारांवरहि गेली. हे लोक कोण? बहुतांशीं शाळेंतील मुली! शिक्षिका त्यांना बसगाड्या भरभरून घेऊन येत, आणि मैदानावर किलबिलाट असा कीं शिट्टी ऐकूं येऊं नये. जी मुलगी शाळेंत स्वतः काठी धरीत असे, तीच तेथें बसून पाहत असे.

अमेरिकेची गोष्ट निराळी आहे, कारण तेथील हॉकी बर्फावरची. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मुली एका प्रचंड सभागृहांत खेळत, पण त्यांच्यासाठीं म्हणून २०१२ सालीं मुद्दाम लहान, केवळ २,२७३ आसनांचें सभागृह बांधण्यांत आलें. पंधरा हजारांच्या जागेंत दोन हजार माणसें बसलीं तर तें रिकामें दिसतें, आणि दोन हजारांच्या जागेंत तींच माणसें बसलीं तर दाराशीं रांग लागते. वर्षांतून एखादा सामना मात्र जुन्या मोठ्या जागेंत "भरून टाका" अशा हांकेनें ते घेत, आणि २०१७ च्या जानेवारींत अशा एका सामन्यास १५,३५९ लोक आले. लहान जागा आधीं भरली, म्हणून मोठी भरतां आली.

परंतु आम्हांस सर्वांत जवळचें वाटतें तें झारखंडाचें उदाहरण. सिमडेगा, खुंटी आणि शेजारचा ओडिशांतील सुंदरगड या आदिवासी मुलुखांत हॉकी रुजविण्यांत मिशनच्या शाळांचा वाटा मोठा. तेथें गांवोगांवीं सामने होतात व बक्षीस म्हणून बोकड दिला जातो. त्यास तिकडे "खस्सी" म्हणतात. अख्खें गांव भोंवतीं बसतें, कारण जिंकणारी मुलगी कोणाची तरी भाची असते, कोणाची तरी शेजारीण. निक्की प्रधान आणि सलिमा टेटे या अशाच गांवांतून आल्या. टोकियो ऑलिंपिकमध्यें, म्हणजे २०२१ सालीं, ज्या संघानें ऑस्ट्रेलियास १–० असें हरवून चौथा क्रमांक मिळविला त्यांत त्या दोघीहि होत्या. म्हणूनच २०२३ च्या नोव्हेंबरांत रांचीस आशियाई चँपियन्स चषकाच्या अंतिम सामन्यांत आपल्या मुलींनीं जपानास ४–० असें हरविलें, तेव्हां बाकें भरलेलीं होतीं. अडीच महिन्यांनीं त्याच मैदानावर त्याच जपानकडून ०–१ अशी हार झाली व पॅरिसचें दार बंद झालें. तरी २०२५ च्या जानेवारींत मुलींची पहिली हॉकी इंडिया लीग भरली ती रांचीसच.

आतां आपल्या घरचें. यंदा महोत्सवाच्या निमित्तानें आम्हीं दोन्ही महाविद्यालयांस विनंती केली कीं, मुलींचा एक मैत्रीचा सामना मंगळवारीं भर दुपारीं न घेतां रविवारीं चार वाजतां घ्यावा. तेवढें मान्य झालें. धर्मभगिनींनीं एक शहाणी सूचना केली: मांडव चारी बाजूंस न घालतां एकाच बाजूस घालावा. विस्कॉन्सिनची बातमी त्यांस असण्याचें कारण नव्हतें, पण तत्त्व तेंच. बायकांनीं मात्र आमच्या ध्यानीं न आलेला प्रश्न विचारला, "फादर, तिथं बायकांना जायची सोय आहे का?" नव्हती. शेजारच्या शाळेची किल्ली मागून घेतली, आणि त्या एका किल्लीनें आमच्या साऱ्या सूचनांपेक्षां अधिक बायका आणल्या, हें प्रांजळपणें लिहितों.

नियम समजावून सांगण्यास एक वयस्क सरदारजी लाभले. सुवर्णचषकाचे सामने पाहण्यांत त्यांचें आयुष्य गेलेलें. ध्वनिक्षेपकावरून दख्खनी हिंदींत ते सांगत: चेंडू पायास लागला म्हणून शिट्टी झाली, पूर्वीं ऑफसाइड असे, तें १९९८ पासून गेलें, हा खेळ आतां पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग करून खेळतात. दुसऱ्या भागांत ध्वनिक्षेपक बंद पडला. मग ते उभे राहून ओरडूं लागले, आणि तें अधिक चांगलें ऐकूं आलें. लहान मुलें दोनदां मैदानांत धांवलीं. कांहीं टवाळ पोरांनीं एका मुलीचें नांव घेऊन शीळ घातली. त्यांचा समाचार आमच्या आधीं आपल्या दोन आजीबाईंनीं घेतला, तो येथें छापण्याजोगा नाहीं. लातूरकर मुलींनीं २–१ असा विजय मिळविला, आणि आपल्या लोकांनीं त्यांस टाळ्या दिल्या.

आम्हीं पुन्हा मोजलें. एकशें बारापर्यंत मोजलें, मग मुलें जागा बदलूं लागल्यानें नाद सोडला.

त्या मुलीचे वडील मांडवांत आले नव्हते. पलीकडच्या लिंबाखालीं, जणुं बाजारास जातांना सहज थांबले असावे, तसे पिशवी घेऊन ते उभे होते. शेवटच्या भागांत आम्ही त्यांच्याजवळ गेलों. त्यांनीं मैदानावरून दृष्टि न काढतां विचारलें, "फादर, आत्तां या पोरी गोलच्या रेषेवर जाऊन उभ्या राहिल्या, आणि बाकीच्या एवढ्या लांब कां धांवल्या?" पेनल्टी कॉर्नर हा शब्द आम्हांस माहीत होता, त्यापलीकडे आमचीहि गति नव्हती. तेव्हां आम्हीं त्यांस हातास धरून सरदारजींकडे नेलें. सामना संपला, मांडववाले दोर सोडूं लागले, आणि मुलगी काठ्या बांधून वाट पाहत राहिली, तरी ते दोघे जमिनीवर काडीनें रेघा ओढीत बसले होते.