कॅम्प (शब्द)

कॅम्प हा मराठीत रूढ झालेला मूळ इंग्रजी शब्द आहे. सैन्याचा किंवा प्रवाशांचा तात्पुरता तळ हा त्याचा मूळ अर्थ. मराठीत तो लष्करी वस्ती, निर्वासितांची वसाहत, शिबिर आणि सरकारी अधिकाऱ्याचा दौऱ्यावरील मुक्काम अशा निरनिराळ्या अर्थांनी वापरला जातो. अर्थाने तात्पुरता असलेला हा शब्द महाराष्ट्रात अनेक ठिकाणी कायमचे स्थलनाम बनला आहे. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर शहराचे पाच ‘कॅम्प’ हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय.

व्युत्पत्ती आणि व्याकरण

लॅटिन भाषेत ‘कॅम्पस’ म्हणजे मोकळे मैदान. सैन्य मैदानात तळ देत असे, म्हणून मैदानाचा शब्द तळाला लागला आणि इटालियन व फ्रेंच भाषांतून इंग्रजीत आला. महाविद्यालयाच्या आवारासाठी वापरला जाणारा ‘कॅम्पस’, प्रचारमोहिमेचे ‘कॅम्पेन’ आणि खेळातील ‘चॅम्पियन’ हे शब्द याच कुळातले आहेत.

मराठीत ‘कॅम्प’ पुल्लिंगी आहे. सामान्य नाम म्हणून त्याला बहुधा शब्दयोगी अव्यय जोडले जाते (‘कॅम्पमध्ये’). स्थलनाम म्हणून मात्र तो अस्सल मराठी शब्दाप्रमाणे चालतो. पुण्यात खरेदीला ‘कॅम्पात’ जातात.

लष्करी वस्ती

इंग्रजांपूर्वी या अर्थासाठी मराठीत छावणी, तळ, गोट, डेरा असे शब्द होते. खडकीच्या १८१७ मधील लढाईनंतर पुण्याच्या पूर्वेला इंग्रजी फौजेची वस्ती उभी राहिली. कागदोपत्री ती कटक मंडळाच्या हद्दीत येते, बोलण्यात ती ‘कॅम्प’ झाली. जुन्या पुणेकरांच्या तोंडी याच भागाला ‘लष्कर’ असेही नाव आहे आणि ते तेथील पोलीस ठाण्याच्या नावात टिकून आहे. मालेगाव कॅम्प, बेळगाव कॅम्प आणि नाशिकजवळील देवळाली कॅम्प ही याच प्रकारची नावे.

देवळालीच्या बाबतीत उलट प्रवासही घडला. मायदेशी परतणारे ब्रिटिश सैनिक जहाजाची वाट पाहत तेथील संक्रमण तळावर दीर्घकाळ रिकामे बसून राहत. कंटाळा, ऊन आणि आजार यांनी त्यांपैकी काही जण भ्रमिष्टासारखे वागू लागत, अशी या तळाची ख्याती झाली. त्यातून इंग्रजी सैनिकी बोलीत ‘डूलॅली टॅप’ हा वाक्प्रयोग आला. त्यातील पहिला शब्द देवळालीचा अपभ्रंश, तर दुसरा म्हणजे आपला ‘ताप’. ‘वेडसर’ या अर्थाने ‘डूलॅली’ हा शब्द इंग्रजीत आजही ऐकू येतो.

उल्हासनगर : क्रमांकांचे शहर

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ सैन्यासाठी मोठा संक्रमण तळ उभारला गेला. तो ‘कल्याण कॅम्प’ म्हणून ओळखला जाई. युद्ध संपल्यावर रिकाम्या पडलेल्या या तळावर १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आणण्यात आले. त्यांची संख्या सुमारे एक लाख होती. सैनिकांसाठी बांधलेल्या लांबच लांब बराकींत आडोसे घालून त्यांच्या खोल्या करण्यात आल्या व एकेका खोलीत कुटुंबे राहू लागली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसवण्यात आली आणि उल्हास नदीवरून त्याचे नाव उल्हासनगर ठेवण्यात आले.

गावाचे नाव बदलले, भागांची मात्र बदलली नाहीत. कॅम्प क्रमांक १ ते ५ ही लष्करी मोजणी तशीच राहिली. शहाड स्थानकाच्या बाजूला पहिला, विठ्ठलवाडीजवळ चौथा, तर अंबरनाथच्या दिशेला पाचवा. पत्त्यात ‘उल्हासनगर-३’ असे लिहिले जाते आणि शहराचे पिन क्रमांकही ४२१००१ ते ४२१००५ असे ओळीने आहेत. रोजच्या बोलण्यात ‘कॅम्प’ हा शब्दही गळून पडतो व नुसते ‘तीन नंबर’, ‘पाच नंबर’ उरते. ‘बराक क्रमांक’ आणि ‘सेक्शन’ हे शब्दही पत्त्यांत टिकले आहेत. शेजारच्या अंबरनाथमध्ये कॅम्प नाहीत, पण कानसई सेक्शन, वडवली सेक्शन अशी नावे पूर्वेला आढळतात. अंबरनाथ पश्चिमेला लष्करी सामग्रीचा कारखाना असूनही तेथील वसाहत ‘ऑर्डनन्स इस्टेट’ या नावाने ओळखली जाते, कॅम्प म्हणून नव्हे.

ज्यांना हा शब्द तात्पुरता निवारा म्हणून मिळाला, त्यांना तेथील घरांवर हक्क मिळवण्यासाठी पुढे कायद्याचा आधार लागला. विस्थापितांच्या नुकसानभरपाई व पुनर्वसनाचा केंद्रीय कायदा १९५४ मध्ये झाला. घर कायमचे झाल्यावरही पत्ता कॅम्पचाच राहिला. मुंबईतील चेंबूर कॅम्प आणि पिंपरी कॅम्प ही नावेही सिंधी निर्वासितांच्या वस्तीशी जोडलेली आहेत. मात्र सर्वत्र असे झाले नाही. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. ते गेल्यावर तेथे सिंधी कुटुंबे आली. ती वसाहत आज गांधीनगर म्हणून ओळखली जाते आणि तिच्या नावात कॅम्पचा मागमूस नाही.

इतर वापर

राष्ट्रीय छात्र सेना, गिर्यारोहण आणि शालेय सहली यांच्या संदर्भात ‘कॅम्प’ सर्रास वापरतात. लिखित मराठीत रक्तदान, नेत्रतपासणी, श्रमदान यांसाठी ‘शिबिर’ अधिक रुळला आहे. हा संस्कृत शब्द मुळात राजाच्या किंवा सैन्याच्या मुक्कामाचाच आहे. दुष्काळात जनावरांसाठी उघडतात त्या ‘चारा छावण्या’, त्यांना कोणी कॅम्प म्हणत नाही. सरकारी पत्राच्या शीर्षभागी गावाच्या नावाआधी येणारा ‘कॅम्प’ मात्र अधिकारी तेव्हा मुख्यालयाबाहेर असल्याचे दर्शवतो.

इंग्रजीतील दोन अर्थ मराठीने घेतलेले नाहीत. मुद्दाम भडक, नाटकी शैलीला इंग्रजीत ‘कॅम्प’ म्हणतात. अमेरिकी लेखिका सुझन सॉन्टॅग यांच्या १९६४ मधील निबंधाने या अर्थाला प्रतिष्ठा मिळवून दिली. मराठीत त्यासाठी एकच नेमका शब्द नाही. राजकीय पक्षातील फळी या दुसऱ्या अर्थासाठी मात्र मराठी वृत्तपत्रांना परका शब्द लागला नाही. नेता ‘विरोधी गोटात’ जातो, आणि हा गोट म्हणजे जुन्या फौजेचा तळच.