मागच्या रांगेतला माणूस

गाण्याच्या बैठकीहून परतलेल्या माणसाला आपण विचारतो, "काल कोण गायले?" तंबोऱ्यावर कोण होते, हे कोणी विचारीत नाही. कीर्तनाच्या पत्रिकेत बुवांचे नाव मोठ्या अक्षरांत असते, पेटी-तबलावाल्यांचे बारीक अक्षरांत, आणि टाळकऱ्याचे कोठेच नसते. तरीही तंबोरा उतरला की ख्याल उतरतो, आणि टाळ चुकला की बुवांचे पाऊलही चुकते. ज्याच्या आधारावर सारे उभे आहे त्याने लक्ष वेधून घेऊ नये, असा जणू संकेतच आहे. हा संकेत ज्याने जन्मभर मानला नाही, अशा एका अमेरिकन वादकाची हकीकत मला यंदाच्या दिवाळीत सांगायची आहे. त्याचे नाव चार्ल्स मिंगस.

मिंगसचे वाद्य डबल बास. व्हायोलिनच्या कुटुंबातला हा सर्वांत थोरला भाऊ. माणसाहून उंच, चार जाड तारांचा; उभे राहून, कवेत घेतल्यासारखा धरून तो वाजवावा लागतो. जॅझ संगीतात तो बहुधा गजाने न वाजविता बोटांनी छेडतात. ट्रंपेट आणि सॅक्सोफोन पुढे येऊन ताना घेत असतात, तेव्हा हा मागे उभा राहून एकामागून एक खर्जाचे स्वर टाकीत चालतो. तो ऐकू येतो असे म्हणण्यापेक्षा जाणवतो असे म्हणणेच बरे.

मिंगसच्या जलशांची जी ध्वनिमुद्रणे मिळतात, ती मी गेली काही वर्षे तारखांच्या क्रमाने ऐकत आलो आहे. कादंबरी लिहिणाऱ्याला स्वभावाचा नाद असतो. या माणसाच्या रागाच्या कथा मी आधी वाचल्या. त्या रागाचे मूळ शोधीत गेलो, आणि वाटेत संगीत भेटले.

त्याचा जन्म २२ एप्रिल १९२२ चा, मेक्सिकोच्या सीमेवरील नोगालेस या गावचा. बाप सैन्यात होता. आई मूल काही महिन्यांचे असतानाच वारली. मुलगा वाढला लॉस एंजेलिसजवळच्या वॉट्स वस्तीत. घरी सावत्र आईला फक्त चर्चचे संगीत चालत असे. पण एके दिवशी रेडिओवर ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद त्याच्या कानी पडला, आणि मग घरातल्या नियमाला काही अर्थ उरला नाही.

तो शिकत होता चेलो. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या वाद्यवृंदात बसावे, ही त्याची आकांक्षा. तेव्हा बडी कोलेट या मित्राने त्याला व्यवहार सांगितला: तू काळा आहेस, चेलो घेऊन त्या वाद्यवृंदात तुला कोणी बसविणार नाही. बास शीक, पोट भरेल. मुलाने ऐकले. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये पूर्वी प्रमुख बासवादक असलेल्या हर्मन राइनशागेन यांच्यापाशी तो पाच वर्षे शिकला. दार बंद असलेल्या घराची विद्या त्याने त्या घरातूनच बाहेर आलेल्या माणसाकडून घेतली. मागची रांग त्याने निवडलेली नव्हती; ती त्याला नेमून दिलेली होती. पुढच्या साऱ्या भांडणांचे बीज मला येथे दिसते.

आता १५ मे १९५३ ची रात्र पाहा. कॅनडात टोरांटो शहरातल्या मॅसी हॉलमध्ये पाच वादक एकत्र आले: चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, मॅक्स रोच आणि मिंगस. जॅझच्या इतिहासात असा मेळ पुन्हा जमला नाही. पण त्याच रात्री मार्सियानो आणि वॉलकॉट यांची मुष्टियुद्धाची जगज्जेतेपदाची झुंज होती, आणि सभागृहातल्या पुष्कळशा खुर्च्या रिकाम्या राहिल्या. मिंगस फिती घेऊन न्यूयॉर्कला आला. त्याने आणि रोचने आदल्याच वर्षी 'डेब्यू' नावाची स्वतःची ध्वनिमुद्रिका कंपनी काढली होती. फिती लावून पाहतो तो काय, सारे ऐकू येतात, बास तेवढा नीट ऐकू येत नाही! दुसरा कोणी म्हणाला असता, चालायचेच. मिंगसने वाद्य उचलले आणि आपला भाग मूळ मुद्रणावर पुन्हा वाजवून चढविला. आज आपण त्या रात्रीचा बास म्हणून जो ऐकतो, तो बराचसा नंतरचा आहे. शुद्धतेचा आग्रह धरणारे याला नाक मुरडतात. मला त्यात हजेरीपटावर राहून गेलेले आपले नाव स्वतः लिहून काढणारा माणूस दिसतो.

याच वर्षाच्या आरंभी त्याला एलिंग्टनच्या वृंदात जागा मिळाली होती. ज्याला रेडिओवर ऐकून तो संगीताकडे वळला, त्याच्याच पंक्तीला बसायचे! ते सुख काही दिवसच टिकले. हुआन टिझोल या ट्रॉम्बोनवादकाशी त्याची मारामारी झाली आणि त्याला काढून टाकण्यात आले. एलिंग्टन सहसा कोणाला काढीत नसे. तो मानही मिंगसने मिळविला. मात्र १९६२ मध्ये एलिंग्टन, मिंगस आणि रोच या तिघांनी बरोबरीच्या नात्याने 'मनी जंगल' ही ध्वनिमुद्रिका केली. तिच्यात बास मागे उभा नाही. पियानोशी तो हुज्जत घालतो आणि पियानो त्याचे ऐकून घेतो.

आपल्या मंडळीला मिंगस 'जॅझ वर्कशॉप' म्हणत असे, म्हणजे कारखाना. १९५६ च्या 'पिथेकँथ्रोपस इरेक्टस'पासून त्याने नवी रीत धरली. रचना कागदावर लिहून द्यायची नाही. गाऊन किंवा पियानोवर वाजवून वादकांच्या कानांत घालायची. आपल्या संगीतविद्येची परंपरा गुरुमुखाची असल्याने आपल्याला यात नवल वाटणार नाही. पण नोटेशन पुढे ठेवून वाजविणाऱ्यांना हे अवघड गेले असणार. चूक झाली तर भर जलशात थांबवून तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करवी. श्रोते बोलू लागले तर त्यांनाही सुनावी. शाळेत आयुष्य काढलेल्या माणसाला तो आवाज ओळखीचा वाटतो: वर्गात शिरण्यापूर्वी शांतता मागणाऱ्या मास्तराचा.

या स्वभावाचा सर्वांत गमतीदार पुरावा १९६० चा. 'चार्ल्स मिंगस प्रेझेंट्स चार्ल्स मिंगस' ही ध्वनिमुद्रिका स्टुडिओत झाली. समोर श्रोता नाही. तरी मिंगस आरंभी नसलेल्या श्रोत्यांना बजावतो की टाळ्या वाजवू नका, पेल्यांतला बर्फ खुळखुळवू नका, गल्ल्याची घंटा वाजू देऊ नका. रोजच्या क्लबात जे कधी मिळाले नाही, ते त्याने रिकाम्या खोलीत मागून घेतले.

याच ध्वनिमुद्रिकेत फॉबसवरचे गाणे आहे. १९५७ मध्ये आर्कान्सॉचा गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस याने लिटल रॉक येथील शाळेत नऊ काळ्या मुलांना शिरू न देण्यासाठी सशस्त्र शिपाई उभे केले. शाळेच्या दारात मुलांना अडविणे म्हणजे काय, हे आपल्या देशातल्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. मिंगसने फॉबसला विदूषक करून टाकणारी एक रचना केली. १९५९ मध्ये कोलंबिया कंपनीने ती काढली, पण शब्दांवाचून. पुढच्या वर्षी कँडिड या लहानशा कंपनीकडे त्याने आणि डॅनी रिचमंड या त्याच्या तालवादकाने ती शब्दांसकट गाऊन घेतली. मी दोन्ही पाठोपाठ ऐकली. पहिलीत थट्टा आहे; दुसरीत थट्टेखालचा दाह आहे.

त्याच उन्हाळ्यात न्यूपोर्टच्या मोठ्या जॅझ महोत्सवाला शह म्हणून त्याने आणि रोचने त्याच गावी दुसरा महोत्सव भरविला. वादकांनी वादकांसाठी चालविलेला. पुढे १९६५ मध्ये आपल्या ध्वनिमुद्रिका टपालाने विकण्याचा उद्योगही त्याने केला. मांजरीला माणसांच्या शौचकूपाची सवय कशी लावावी, याचे एक चोपडेही त्याने लिहून टपालाने विकले! त्याच्या नाइटलाइफ नावाच्या मांजरीवर तो प्रयोग यशस्वी झाला होता. कोणत्याही गोष्टीची पद्धत बसविल्याशिवाय या माणसाला चैन पडत नसे.

पण राग ही काही सदैव पवित्र वस्तू नव्हे. १२ ऑक्टोबर १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये मोठ्या वृंदाचा जलसा ठरला होता. तारीख कंपनीने पाच आठवडे अलीकडे ओढली. नकला पुऱ्या होईनात. वादक वाजवीत असताना रंगमंचावर नकलनवीस लिहीत बसले होते. शेवटी मध्यरात्रीच्या सुमारास पडदा पाडण्यात आला. त्याआधी तयारीच्या धांदलीत मिंगसने जिमी नेपर या आपल्या ट्रॉम्बोनवादकाच्या तोंडावर ठोसा मारून त्याचा दात मोडला. ट्रॉम्बोनवादकाचे दात म्हणजे सतारियाची बोटे. नेपर त्याच्याच कामासाठी राबत होता. अन्यायाने पोळलेला माणूस दुसऱ्यावर अन्याय करीत नाही, अशी आपली एक भाबडी समजूत असते. ती येथे मोडते. मिंगसच्या थोरवीचे कारण सांगून हा ठोसा झाकता येणार नाही, आणि मी झाकणार नाही.

१९६४ च्या एप्रिलमध्ये एरिक डॉल्फीला घेऊन तो युरोपात गेला. त्या दौऱ्यातील जलशांत डॉल्फीचा बास क्लॅरिनेट आणि मिंगसचा बास बोलू लागले की दोन माणसे दाराआड कुजबुजत, भांडत, समजूत घालीत असल्याचा भास होतो. डॉल्फी युरोपातच राहिला आणि २९ जूनला बर्लिन येथे वारला. त्यानंतर जन्मलेल्या आपल्या मुलाचे नाव मिंगसने एरिक डॉल्फी ठेवले.

१९६६ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका माडीवर त्याने संगीतशाळा काढण्याचा बेत केला होता. भाड्याच्या कटकटीत त्याला तेथून काढण्यात आले. टॉमस राइकमनच्या अनुबोधपटात ते दृश्य आहे: रस्त्यावर सामानाचा ढीग आणि त्यात तो थोरला बास. मास्तर या नात्याने मला ते दृश्य पाहवत नाही. उघडण्यापूर्वीच बंद झालेली शाळा!

१९७७ मध्ये त्याला स्नायू निकामी करणारा असाध्य रोग असल्याचे कळले. बोटे गेली, तेव्हा तो स्वर गुणगुणून फितीवर उतरवू लागला. १८ जून १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर जॅझ वादकांचा सत्कार केला. मिंगस चाकांच्या खुर्चीत होता. त्याच्यासाठी सारे उठून टाळ्या वाजवू लागले, आणि कार्टर त्याच्यापाशी गेले, तेव्हा हा आडदांड माणूस मुलासारखा रडला. ५ जानेवारी १९७९ रोजी मेक्सिकोत क्वेर्नाव्हाका येथे तो वारला, वय छप्पन्न. त्याची पत्नी सू हिने त्याच्या अस्थी भारतात आणून गंगेत सोडल्या.

त्याच्या पश्चात कागदपत्रांची यादी करताना अँड्र्यू होम्झी या संगीताभ्यासकाला सुट्या पानांत एक प्रचंड रचना सापडली. चार हजारांहून अधिक आवर्तनांची, दोन तासांहून लांब. तिचे नाव 'एपिटाफ', म्हणजे थडग्यावरचा लेख. टाउन हॉलच्या त्या फसलेल्या रात्री तिचेच तुकडे वाजले होते. ३ जून १९८९ रोजी न्यूयॉर्कच्या ॲलिस टुली हॉलमध्ये गुंथर शुलर यांच्या दिग्दर्शनाखाली सुमारे तीस वादकांनी ती वाजविली. १९९३ मध्ये त्याची कागदपत्रे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेली.

ज्याला लिहून देणे नको होते, त्याचे सर्वांत मोठे काम लिहिलेल्या कागदांमुळेच वाचले. आणि ज्याने जन्मभर स्वतःला ऐकवून घेतले, त्याची ती रचना वाजत असताना बासवर दुसऱ्याच कोणाची तरी बोटे होती. ते मुद्रण मी पुष्कळदा ऐकले आहे. आताशा कोणतेही गाणे ऐकताना माझे कान आधी मागच्या रांगेकडे जातात, आणि बैठकीहून आलेल्या माणसाला मी विचारतो, "साथीला कोण होते?"