पेढीवरील अनुभवापासून पुरवठा साखळीच्या शास्त्रापर्यंत

माल उशिरा आल्यास गिऱ्हाईक परत जाते आणि साठा वाढल्यास भांडवल अडकते. व्यापाऱ्याचा हा जुना पेच. अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक जे फॉरेस्टर यांनी १९६१ साली ‘इंडस्ट्रियल डायनॅमिक्स’ या ग्रंथात त्याची शास्त्रीय मीमांसा केली. किरकोळ विक्रीतील अल्पसा चढउतार घाऊक व्यापाऱ्यामार्फत कारखान्यापर्यंत पोहोचताना मोठा होत जातो, हे त्यांनी दाखविले. १९६३ साली भारत सरकारने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साहाय्याने मुंबईत विहार तलावाजवळ औद्योगिक अभियांत्रिकीच्या प्रशिक्षणासाठी ‘नीटी’ ही संस्था स्थापन केली. ‘सप्लाय चेन मॅनेजमेंट’ ही संज्ञा १९८२ साली कीथ ऑलिव्हर यांनी प्रचारात आणली. पुढे ‘नीटी’त अभियंते या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण घेऊ लागले. २०२३ साली हीच संस्था आयआयएम मुंबई झाली. पूर्वजांनी पेढीवर अनुभवाने जपलेल्या व्यवहारज्ञानाला या शास्त्राची जोड देणे, हे नव्या पिढीचे कर्तव्य होय.